अनुभव धागा: टीव्हीवर आमच्या नावाने पैसे मागतात तेव्हा

बलकाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते.

गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आम्ही सगळे फोंड्याला काकांच्या घरी, संध्याकाळची आरती झालेली, वर फळाफुलांची माटोळी, खाली आम्ही बारा-तेरा जण नेवऱ्या खात टीव्हीसमोर बसलेलो. एका चॅनलवर दिव्यांग मुलांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम चालू होता. खालच्या पट्टीत रुपयांचा आकडा चढत होता, बाजूला देणगीदारांची नावं सरकत होती. स्टेजवर सहा-सात वर्षांची एक मुलगी, तिला कुणीतरी व्हीलचेअरमधून उचलून कडेवर घेतलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून धरलं. ती बिचारी मान वळवून वळवून आईला शोधत होती (बघा, मीपण बिचारी लिहिलं, तसंच राहू देते). मागे बासरी. अँकर सांगत होती की देवाने हिच्या पायातलं बळ नेलं. आणि माझी भाची, आठ वर्षांची, माझ्याकडे वळून म्हणाली, मावशी, तुलापण असे पैसे मिळालेले का गं?

कुणी काही बोललं नाही. काकीने पटकन रिमोट घेऊन चॅनल बदललं आणि मला त्या प्रश्नापेक्षा ते चॅनल बदलणं जास्त लागलं, कारण याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांच्या मनात तेच आलं होतं.

मला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी आहे. बावीस वर्षं नोकरी करतेय, घराचा हप्ता मी भरते, ह्याच भाचीला पोहायला मी घेऊन जाते. ती मला रोज बघते. पण टीव्हीवरच्या पाच मिनिटांनी तिच्या डोक्यात मी त्या कडेवरच्या मुलीच्या रांगेत जाऊन बसले. माझं दुखणं हे आहे. पैसे गोळा करू नका असं मी म्हणत नाहीये. पण ते गोळा करायला आमचं जे चित्र वापरतात ते कार्यक्रम संपला म्हणून पुसलं जात नाही, दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत, बसमध्ये, इंटरव्ह्यूला जातो तेव्हा ते आमच्या आधी तिथे पोचलेलं असतं.

हे काही मलाच सुचलेलं नाही. अमेरिकेत जेरी लुईस हा विनोदी नट १९६६ पासून दर सप्टेंबरात कामगार दिनाच्या सुट्टीला स्नायूंच्या आजारांसाठी टीव्हीवर तासन् तास निधी गोळा करायचा, टेलिथॉन म्हणायचे त्याला. त्या आजाराच्या लोकांना 'जेरीची मुलं' म्हणत, मग तो माणूस चाळिशीचा का असेना. १९८१ मध्ये इव्हान केंप नावाच्या वकिलाने, ज्याला स्वतःलाच असा आजार होता, न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून विरोध केला, की या दयेमुळे लोकांच्या मनातला आमच्याबद्दलचा ग्रह आणखी पक्का होतो. १९९० ला लुईसने स्वतः एक लेख लिहिला, मला हा आजार असता तर अशी कल्पना करून, आणि त्यात स्वतःला अर्धा माणूस म्हटलं. तेव्हा शिकागोचा माइक अर्विन आणि त्याची बहीण क्रिस मॅथ्यूज, जे लहानपणी त्याच संस्थेच्या पोस्टरवर झळकलेले, त्यांनी 'जेरीची अनाथ मुलं' नावाने गट काढून निदर्शनं सुरू केली. पोस्टरवरची मुलं मोठी होऊन परत आली आणि आमचा फोटो काढा तिथून म्हणाली. मला हे वाचताना रडू आलं होतं. २०१० नंतर लुईस त्यात नव्हता, २०१४ ला तो कार्यक्रम शेवटचा झाला.

तर आपल्याकडचे अनुभव लिहा. स्वतःचे, घरातले. पैसे घेतले असतील, दिले असतील, कार्यक्रमात काम केलं असेल, सगळं चालेल. फक्त चॅनलचं, संस्थेचं आणि मुलांचं नाव नको.

सत्तरीचा

मी होतो तो मुलगा. म्हणजे तुम्ही बघितली ती मुलगी वेगळी, पण मी तिच्या जागी होतो, साधारण वीस वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा असताना, एका केबल चॅनलवर.

आमचा गाव सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आत. मला सेरेब्रल पाल्सी, दोन कुबड्यांवर चालतो, बोलणं जरा जड आहे पण नीट ऐकलं तर कळतं. एका संस्थेचे लोक घरी आले, मुलाला टीव्हीवर न्यायचंय, ऑपरेशनला मदत होईल म्हणाले. आईने त्या शुक्रवारी मुद्दाम म्हापशाचा बाजार गाठला, माझ्यासाठी पिवळा शर्ट घेतला, कॉलरला बारीक निळी किनार होती, अजून डोळ्यासमोर आहे. बसमध्ये चुरगळेल म्हणून पिशवीत घडी घालून नेला आणि मला घरचा जुना शर्ट घातला. तो शर्ट काजूच्या दिवसात घालायचो, बोंडूच्या रसाचे डाग पोटावर, ते डाग तुम्हाला माहितीये काही केल्या जात नाहीत. तिथे पोचल्यावर आईने मला पिवळा शर्ट घातला, केस विंचरले. तेवढ्यात एक माणूस आला, हातात कागद, माझ्याकडे बघून म्हणाला, ताई हा नको, येताना घातलेला तोच राहू दे.

आईने शर्ट परत काढला. बटणं सोडताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मला तेव्हा एवढंच वाटलं की मी काहीतरी चुकलो.

मग स्टेज. कुबड्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि म्हणाले चालून दाखव. मी कुबड्यांशिवाय चालत नाही, त्यांना सांगितलेलं होतं. दोन पावलं टाकली आणि पडलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही बायका रडत होत्या. अँकरने माईक माझ्यापुढे धरला, मी म्हटलं मला तीसपर्यंत पाढे येतात, कारण तेव्हा मला त्याचाच अभिमान होता, शाळेत दुसऱ्या कुणाला येत नव्हते. तिला कळलं नाही. तिने माईक स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, तो म्हणतोय मला चालायचंय.

मी असं म्हटलंच नव्हतं! ही गोष्ट मी आजवर खूप कमी लोकांना सांगितलीये.

ऑपरेशन वगैरे काही झालं नाही, हाताने फिरवायची तीनचाकी सायकल मिळाली. माझा डावा हात तेवढा चालत नाही, एका हाताने ती गोल फिरते, शिवाय आमच्या घराला चिऱ्यांच्या अकरा पायऱ्या आणि खाली उताराची पायवाट. पावसाळ्यात गंजली. घरी येऊन मला बघून, रस्ता बघून काय हवंय ते विचारलं असतं तर आई म्हणाली असती पायऱ्यांना एक कठडा बसवून द्या, तिला तेच हवं होतं, तो नंतर मामाने लोखंडी पाइपचा बसवला.

आता मुख्य मुद्दा. बावीस वर्षांचा असताना एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या कामाला इंटरव्ह्यूला गेलो, सर्टिफिकेट घेऊन. साहेब वयस्क होते, चांगलेच होते मनाने. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, अरे तू तो टीव्हीवरचा ना? मी हो म्हटलं. त्यांनी फाइल उघडलीच नाही. पाकिटातून पाचशेची नोट काढली आणि माझ्या वरच्या खिशात घातली, माझे दोन्ही हात कुबड्यांवर, मला ती काढून परत देतापण येईना. डोळे भरून आलेले त्यांचे. नोकरी दिली नाही.

आता माझं वाळपईत ऑनलाइन फॉर्म भरायचं, झेरॉक्सचं दुकान आहे. लोक रांगेत उभे राहतात, मी सांगतो काय काय कागद आणायचे ते. आईला अजून त्या दिवसाचं वाईट वाटतं, तिच्यासमोर हा विषय काढत नाही.

पिवळा शर्ट पुढच्या महिन्यात शाळेच्या ग्रूप फोटोला घातला. फोटो आहे घरी.

पणजी फोंडा शटल

सत्तरीचा, तुझं वाचून हात थांबले होते. माझा अनुभव छोटा आहे.

म्हार्दोळला देवळात गेले होते. दर्शन झालं, बाहेर पायरीवर बसून कॅलिपरचा पट्टा आवळत होते. काठाची साडी, खांद्याला ऑफिसची पर्स, गळ्यात सरकारी ओळखपत्र, कारण तशीच कामावर जाणार होते. एक आजी आली, पाच रुपयांचं नाणं मांडीवर ठेवलं, घे बाये, चा घे म्हणाली आणि गेली. मी तिच्या मागे धावू शकत नाही. ओरडले, आजी माझी नोकरी आहे! तिने वळून हात जोडले, मला नव्हे, देवाला.

तिचा राग येत नाही. तिने आयुष्यभर जे बघितलं तेच केलं. देवळाच्या पायरीवर माझ्यासारखं कोण बसतं तर मागणारे, आणि टीव्हीवर माझ्यासारखं कोण दिसतं तर तेही मागणारेच, मग तिने तिसरं काय समजावं?

काळी पाच

मी जन्मापासून दृष्टिहीन, गाणं शिकवते, फोनवर बोलून टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

आपल्याकडे गाण्याची कदर आहे हे मी आधी सांगते. भजनाला, नाटकाला, चवथीला मला बोलावतात तेव्हा मी आंधळी म्हणून कुणी बोलावत नाही, पेटी सुरात वाजते म्हणून बोलावतात, आणि चुकले तर म्हातारे लोक तिथल्या तिथे सुनावतात. नाट्यसंगीत ऐकत वाढलेली माणसं आहेत ही, वन्समोअर देतात तो तानेला देतात.

तर एका वाहिनीवरून फोन, मदतनिधीचा कार्यक्रम आहे, गाल का? मी विचारलं किती वेळ, साथीला कोण, मानधन किती. तिकडे शांतता. मग बाई म्हणाली, अहो तुमच्यासारख्यांसाठीच तर आहे कार्यक्रम. मी म्हटलं तबलजी घेतोय का पैसे? घेतोय. लाइटवाला? घेतोय. निवेदिका? घेतेय. म्हणजे सगळ्यांचा तो धंदा आणि माझं ते पुण्य. तरी गेले, कारण संस्थेतल्या मुली माझ्याकडे शिकतात, त्यांना वाद्यं हवी होती.

मला एक बंदिश आणि एक नाट्यपद गायचं होतं. त्यांनी सांगितलं काहीतरी करुण घ्या. शेवटी भैरवी घेतली. गाणं छान झालं, खरंच छान झालं, स्वर लागला की कळतं ना. घरी आले तर शेजारीण गप्प गप्प. दोन दिवसांनी बोलली. गाणं त्यांनी अर्धा मिनिट दाखवलं, बाकी काय दाखवलं तर मी विंगेतून खुर्ची चाचपत जातेय ते. रिहर्सलला खुर्ची एका जागी होती, मी पावलं मोजून ठेवलेली, कार्यक्रमात कुणीतरी ती हलवली होती म्हणून मला चाचपावं लागलं. आणि ते त्यांनी सावकाश करून, स्लो मोशन म्हणतात ना, वर संगीत घालून दाखवलं. तीनदा.

मला दिसत नाही म्हणून मला कळणार नाही असं धरून चाललेले ते. माझ्या गळ्याला चाळीस वर्षांची मेहनत आहे आणि लोकांनी बघितला माझा हात.

दोन मुलांची आई, मडगाव

सगळ्यांचं वाचलं. वाईट वाटलं. पण मला वेगळं लिहायचंय आणि कृपया तोडू नका मला.

माझा धाकटा ऑटिस्टिक आहे, अकरा वर्षांचा. बोलत नाही. आठवड्याला तीन थेरपी, येणंजाणं, शिवाय मी नोकरी सोडलीये. नवरा एकटा कमावतो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः त्याचा व्हिडिओ करून ऑनलाइन मदत मागितली. व्हिडिओ बनवून देणाऱ्याने सांगितलं की तो डोकं आपटतो ते दाखवा, हसताना दाखवलं तर पैसे येत नाहीत. मी दाखवलं. पैसे आले. त्या पैशांवर वर्षभर थेरपी झाली, तो आता स्वतः चमच्याने जेवतो.

हक्क हक्क आपण म्हणतो पण हक्काने मला या महिन्याची फी कोण देणार आहे सांगा. सरकारी पेन्शन मिळते, ती मिळते म्हणून आभार, पण ती कुठे पुरते. ज्या दिवशी सरकार थेरपिस्ट तालुक्यातालुक्यात बसवील त्या दिवशी मी कुणापुढे हात पसरणार नाही. तोवर मला टीव्हीवाल्याने बोलावलं तर मी जाईन, खरं सांगते.

फक्त एक टोचतं. त्याला विचारलं नव्हतं मी. त्याला विचारून उत्तर मिळत नाही. आणि तो व्हिडिओ अजून फिरतोय, काढा म्हणून तीनदा मेल केली. मोठ्याच्या वर्गातल्या मुलांनी बघितला. मोठा तेव्हापासून मित्रांना घरी आणत नाही.

सत्तरीचा

ताई, तुम्हाला कोण तोडणार. माझी आई तुमच्याच जागी होती. तिने केलं ते माझ्यासाठी केलं हे मला माहितीये, आणि त्या दिवशी मला जे झालं तेही खरं. दोन्ही आहे. राग आहे तो त्या कागदवाल्या माणसावर, ज्याला दोन्ही शर्ट समोर दिसत होते.

बलकाव

मडगावच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. हाच कठीण भाग आहे. आपल्याला आज पैसे लागतात आणि पैसे देणाऱ्याला आपण पडलेले दिसावे लागतो. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण थेरपिस्ट तालुक्याला का नाही हा प्रश्न त्या कार्यक्रमात एकदा तरी कुणी विचारतं का? मंत्री तिथे पुष्पगुच्छ घ्यायला आलेले असतात, अँकर त्यांना विचारते का की साहेब ह्या मुलीच्या शाळेला रॅम्प का नाही? तो प्रश्न तिथे येतच नाही, देवाने बळ नेलं म्हटलं की देवाकडेच सगळं बोट जातं. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे.

तिसरा कॅमेरा

मला काही अपंगत्व नाही, लिहू की नको विचार करत होतो. मी अशा तीन-चार कार्यक्रमांना कॅमेऱ्यावर होतो, बऱ्याच वर्षांपूर्वी, आता लग्नं आणि जाहिराती करतो.

जे वर लिहिलंय ते असंच असतं. कानात हेडफोन असतो आमच्या, कंट्रोल रूममधून आवाज येतो, आईवर जा, आईवर जा, डोळे, डोळे, थांब, धर. रडू आलं की धरायचं. मूल हसलं की दुसऱ्या कॅमेऱ्यावर कट, कारण हसू आलं की फोन थांबतात, निदान आमच्या प्रोड्यूसरचं तसं म्हणणं होतं. मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक असतो, त्यावर देणाऱ्याचं नाव एवढं मोठं लिहितात, तो चेक मुलाच्या हातात देतात आणि मूल त्याच्या मागे झाकलं जातं. मला आठवतंय मी फ्रेम लावत होतो आणि फ्रेममध्ये फक्त चेक आणि दोन बाजूंना मुलाची बोटं. मी म्हटलं चेक खाली घ्या, मुलगा दिसत नाही. उत्तर आलं, राहू दे, स्पॉन्सर दिसतोय ना.

आणि पट्टीवरचा आकडा जो असतो, मी होतो तिथे तो फोनवर कबूल केलेल्या पैशांचा होता. त्यातले हातात किती आले हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, बघणाऱ्यांनाही नाही.

मी सत्तरीच्या मित्राचा कार्यक्रम केला नव्हता, पण केला असता तर तो पडल्यावर मीपण धरून ठेवला असता. हे लिहायला अवघड जातंय. माफ कर.

साळगावचो

मी आता सत्तरीकडे पोचलोय, वयाच्या म्हणतो, तालुक्याच्या नव्हे. लंडनला बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये होतो, वॉटर्लू स्टेशनच्या बाजूला. बलकावने अमेरिकेचं लिहिलं म्हणून आठवलं.

तिथे आयटीव्ही नावाच्या चॅनलचा टेलिथॉन व्हायचा, १९८८, १९९० आणि १९९२, सत्तावीस तास चालायचा. जुलै १९९२ ला मी ड्यूटी संपवून थेम्सच्या काठाने चाललो होतो, तिथे साउथ बँकला टीव्ही स्टुडिओ होता, आणि समोर एवढी माणसं व्हीलचेअरवर, काठ्या घेऊन, साइन लँग्वेजमध्ये बोलणारी, हजाराच्या आसपास होती असं नंतर कळलं. मला वाटलं कार्यक्रमाला आलीयेत, मदत घ्यायला. खिशात हात घातला मी, खरंच, चिल्लर काढायला. जवळ गेलो तर त्यांच्या काळ्या टीशर्टवर गुलाबी अक्षरात लिहिलेलं, त्याचा अर्थ आपल्या भाषेत तुमच्या दयेवर मुततो असा होतो. ते कार्यक्रम बंद करायला आले होते! गाणी, घोषणा, आत जाणाऱ्या नटनट्यांना ओरडून सांगत होते, आम्हाला हक्क द्या, भीक नको. एका व्हीलचेअरवरच्या बाईने माझा खिशातला हात बघितला आणि माझ्या हातात एक पत्रक दिलं. देणारी ती आणि घेणारा मी. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

१९९२ नंतर तो टेलिथॉन झाला नाही. त्याच लोकांमधल्या काहींनी पुढच्या वर्षी एक संघटना काढली आणि रस्त्यावर उतरले, बसला स्वतःला बेड्या घालून अडकवून घ्यायचे, कारण बसमध्ये त्यांना चढताच येत नव्हतं. १९९५ ला तिथे भेदभावाविरुद्धचा कायदा आला, त्यांना तो अपुरा वाटला आणि ते भांडतच राहिले, पण आला. नंतर मी तिथे असताना बसला रॅम्प लागलेले बघितले.

इथे परत आल्यावर माझ्या बहिणीला, तिला संधिवाताने चालता येत नाही, पणजीला न्यायला अजून टॅक्सी करावी लागते. पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या मागे तिला बसता येत नाही आणि बसची पायरी गुडघ्याएवढी.

हातवारे

मी कर्णबधिर. मराठी लिहिते, चुका आहेत, माफी.

टीव्हीवर कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी पैसे जमा. मी बघितलं दोन तास. खाली पट्टीवर आकडा, फोन नंबर, देणगी देणारे नाव. बोललेलं काही लिहून आलं नाही. साइन लँग्वेजवाला दुभाषी नाही. माझ्या शाळेबद्दल काय सांगितलं मला माहीत नाही. नवऱ्याला ऐकू येतं, त्याला विचारलं, तो म्हणाला सांगण्यासारखं नाही.

जानेवारी २०२३ पणजी पर्पल फेस्ट, दिव्यांग लोकांचा महोत्सव, तिथे गेले. तिथे स्टेजवर दुभाषी होते. आम्ही सगळे मैत्रिणी विनोद कळला म्हणून हसलो, बाकी लोकांबरोबर एकाच वेळी. ते मला खूप आवडलं. एकाच वेळी हसणं.

बलकाव

एकाच वेळी हसणं! हातवारे, तुमचं मराठी उत्तम आहे, माफी कसली.

थोडी कायद्याची माहिती टाकते कारण दोघांनी व्यक्तिगत निरोप करून विचारलं. आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलीयेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होती. सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा, सार्वजनिक जागा आम्हाला वापरता येतील अशा करायच्या, हे सगळं त्यात कायद्याने बांधलेलं आहे, कुणाच्या मोठ्या मनावर सोडलेलं नाही. आणि ८ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने एका सिनेमाबद्दलच्या याचिकेत निकाल देताना पडद्यावर दिव्यांग माणसं कशी दाखवावीत याबद्दल चांगलं सविस्तर सांगितलंय, की हिणवणारे शब्द नकोत, 'पीडित', 'ग्रस्त' अशी भाषा नको, बिचारा किंवा अचाट पराक्रमी अशा दोनच साच्यांत बसवू नका, आणि आमच्याबद्दलचं काही आम्हाला वगळून ठरवू नका. निकाल सिनेमाच्या निमित्ताने आलाय, पण सत्तरीच्या शर्टाला तो शब्दन् शब्द लागू होतो असं मला वाटतं.

मी आणि पणजी फोंडा शटल मिळून त्या चॅनलला पत्र लिहितोय. ओरडा करणारं पत्र नाही. मुलाला रोजच्यासारखं दाखवा, त्याचे कपडे त्याच्या आईला ठरवू दे, मोठ्या माणसांना बोलवा, बोललेलं खाली लिहा, कलाकाराला मानधन द्या, आलेले पैसे आणि खर्च नंतर त्याच वेळेला त्याच चॅनलवर सांगा. तिसरा कॅमेरा, तुम्ही मसुदा वाचून द्याल का? आतली भाषा तुम्हाला माहीत आहे.

आणि भाचीचं राहिलं. रविवारी पोहून आल्यावर तिला सांगितलं, की मला पैसे नव्हते मिळाले, मला ऑपरेशन सरकारी इस्पितळात झालं आणि शाळेत आजोबा सायकलवर डबलसीट न्यायचे. तिने विचारलं, मग त्या मुलीला का उचललं तिची खुर्ची होती ना? मला उत्तर आलं नाही.

तिसरा कॅमेरा

देतो वाचून. आणि पत्राखाली माझी सही घाला, चालत असेल तर.

दोन मुलांची आई, मडगाव

माझीपण घाला. आणि त्यात एक वाक्य वाढवा, घरच्यांनी व्हिडिओ काढा म्हटलं की आठ दिवसांत काढायचा.

काळी पाच

वाढवा, वाढवा.

मला मागच्या आठवड्यात परत फोन आलेला, दुसऱ्याच कुणाचा, दिवाळीच्या आधी असाच कार्यक्रम आहे म्हणून. यावेळी मी वहीतून वाचल्यासारखं एकेक सांगितलं. पूर्ण पद दाखवायचं, मधे तोडायचं नाही. खुर्ची एकदा ठेवली की हलवायची नाही. मानधन तबल्याइतकं तरी. करुण मी गाणार नाही, द्रुत गाणार. बाई म्हणाली सरांना विचारून सांगते.

अजून फोन नाही. आज म्हार्दोळला भजन आहे, साडेसातला. जवळपास असाल तर या, पेटी मीच घेणार आहे.